आवाज करणारा पंप

रियेका, ३ एप्रिल १९८७

तीर्थरूप आईस, सा. न. वि. वि.

नळ सोडला की पाणी आपोआप येऊ लागलं, तर होडीच्या टाकीत किती उरलंय हे हाताला कसं कळणार, असं तू विचारलंस. आपल्या घरातली पहिली पदवी मी जहाजबांधणीत घेतली, पण हा प्रश्न मला परीक्षेत कुणी घातला नव्हता. हातपंपाचा दांडा हलका लागला की टाकी तळाला गेली, हे तुझ्या मनगटाला कळतं. आणि तेच मनगट मोडून वाकडं जुळलंय, दांडा मारवत नाही.

म्हणून बाबा यंदा होडीवर सफरीला येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवणार, हे मला मुळीच पटलं नाही. होडीवर तूच हवीस. विजेचा एक पंप पाहून ठेवलाय. जोरदार धार, आवाज अजिबात नाही, दोन नळ एकदम सोडले तरी पाणी तुटत नाही. बाबांना सांग.

तब्येतीला जप, आणि माझ्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझी येरका

झ्लारिन, ११ एप्रिल

चि. येरका हिस अनेक आशीर्वाद.

जोरदार धार ऐकून बाबा म्हणाले, लेकीला होडीत न्हाणीघर काढायचंय की काय? आपण भांडी समुद्राच्या पाण्याने घासतो, गोडं पाणी शेवटी नुसतं फिरवतो. इथे दोन नळ एकदम सोडणारा अजून जन्माला यायचाय म्हणे. आणि पंपापायी इंजिनाची बॅटरी उतरली तर होडी काय तुझी लेक ढकलणार? मी म्हटलं, ढकलेलही, तुमच्यावरच गेलीय. तेव्हा हसले. पण दुसऱ्या दिवशी बाई बघायला शिबेनिकला गेलेच.

माझी भीती वेगळी आहे. मुका पंप पाणी पीत राहील आणि मला पत्ता लागणार नाही. भर समुद्रात पाहुण्यांना कॉफीला पाणी नाही म्हणायची पाळी आली, तर मला आता झेपत नाही, हे बाबांचंच खरं ठरेल. तरी तू एवढी धडपडतेस, त्यानेच अर्धं दुखणं पळालं. वेळेवर जेवत जा.

तुझी आई

रियेका, १९ एप्रिल

तीर्थरूप आईस, सा. न. वि. वि.

तो मुका पंप नाही घेतला. लहान, आवाज करणारा घेतला. दुकानदार म्हणाला, बाई, लोक हा आवाज बंद करायचा उपाय विचारतात, तुम्ही मुद्दाम मागताय? बादलीत नळी सोडून त्याला तिथेच चालवायला लावला. पाणी असेपर्यंत पंप संथ घुटघुट करतो, हवा ओढू लागला की एकदम तडतड धावतो. मी पाठ फिरवून ऐकलं, नेमकं कळतं. तुझ्या मनगटाचं काम आता कान करतील. धार बारीक आहे, भांड्यावरून फिरवायला पुरेशी. वीजही बेताची खातो. जुना हातपंप मात्र काढू नका. भांडी घासायच्या पाण्याला त्याची नळी समुद्रात सोडा, आणि तो बाबांना मारू दे.

आई, तू उन्हाळेच्या उन्हाळे तो दांडा मारलास, म्हणून मी शिकले आणि इथे बसून पाण्याची गणितं करते. हे उपकार फिटायचे नाहीत, मला ते फेडायचेही नाहीत.

होडीचं सामान मालकाच्याच नावाने यायचं, आणि बाबांनी धक्क्यावर जाऊन सही करायची, हा आपल्याकडचा रिवाज. पंपाची पेटी आज सकाळी मी तिकडच्या बोटीवर चढवली. वर नाव घातलंय: पेरिना, 'झोरा' होडीच्या आचारीणबाई. तुझ्या सहीशिवाय ती कुणाच्या हाती पडणार नाही.

तुझ्या मायेत वाढलेली,
येरका