पिठाचा रंग, सायीचा रंग

मुरुड

प्रिय साक्षी,

तुझ्या साखरपुड्यासाठी तू नांदेडहून फोनवर पाठवलेले दोन्ही रंग संगमेश्वर पेंटरनं बैठकीच्या भिंतीवर हातभर लावून ठेवले आहेत. एक सायीसारखा, किंचित पिवळा. दुसरा ज्वारीच्या पिठासारखा, राखेकडं झुकणारा. सकाळी दार उघडलं की सायीचा छान दिसतो, पण ट्यूब लावली की तोच आजारी वाटतो. पिठाचा दिवसभर एकसारखा राहतो. संगमेश्वर रोज येतो, चहा पितो अन् म्हणतो, "काकू, दोन्ही पांढरेच हायत की! पाहुणे पोरगी बघणार का भिंत?" मी म्हणते, "भिंत मला बघायचीय रे. पोरगी तर चालली." तो हसतो आणि डबे तसेच ठेवून जातो.

तुझ्या अण्णांचं वर्षश्राद्ध झालं, आता घराला रंग द्यायला हरकत नाही, असं सगळे म्हणतात. बरोबरच आहे. तुझ्या सासरची माणसं येणार, भिंत स्वच्छ हवी.

दोन्ही रंगांच्या मधोमध अण्णांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. जेवण झालं की ते तिथं टेकून बसायचे आणि मी पेपर मोठ्यानं वाचायची. शाळा न बघितलेली मी, किराण्याच्या पुड्यांवरून अक्षरं जुळवत शिकले; जोडाक्षर आलं की अडायची. ते डोळे मिटूनच म्हणायचे, "हं, पुढं." त्यांना तरी कुठं येत होतं? सहीपुरतंच. मी काहीही वाचलं असतं तरी खपलं असतं. पेपर मी अजून तिथंच बसून वाचते, मोठ्यानं. अडले की थोडं थांबते.

संगमेश्वर म्हणतो, वरून कोणताही रंग मारला तरी तेल फुटून वर येणार. आधी खरडावं लागेल, मग पुट्टी. रंग मी पहिल्याच दिवशी ठरवला, साक्षी. पिठाचा. पण तो सांगितला की हा लगेच खरडायला घेईल, म्हणून रोज "उद्या बघू" म्हणते. फोनवर हे माझ्यानं बोलवलं नसतं, म्हणून लिहिते. रविवारी ये आणि त्याला खरडायला तूच सांग. तेवढा वेळ मी मागच्या दारी भांडी घासत बसेन. पण त्याआधी तू एकदा तिथं टेकून बस. मी पेपर वाचते.

तुझीच,
आई