बारावा धडा सोपा का

१२ जाने., सोमवार
इराने आज विचारलं, "मिस, इलेव्हन वॉज सो हार्ड. ट्वेल्व्ह इज बेबी-ईझी. डिड ही गेट टायर्ड?"
मला उत्तर माहीत नाही. तसंच सांगितलं तिला. टीचरला एखादी गोष्ट माहीत नसते हे दहा वर्षांच्या मुलीला पटलं नाही.
पंचवीस धड्यांचं पियानोचं पुस्तक. एक ते अकरा सरळ चढ, बारावा एकदम खाली, तेराव्यापासून पुन्हा चढ. दीड वर्ष मी हे शिकवतेय. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
ज्याने लिहिलं त्याचं नाव मला धड उच्चारता येत नाही, म्हणून मी त्याला मास्तर म्हणते. पुस्तकाच्या सुरुवातीला दोन पानांत त्याचं आयुष्य उरकलंय. एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक. बाप पाव भाजायचा. राजवाड्यांमध्ये वाजवलं, लोक बग्गीमागे धावले. चौतिसाव्या वर्षी मैफली बंद. मग मरेपर्यंत एका छोट्या गावात शिकवण्या, आणि शिष्यांसाठी हे धडे. मैफली का सोडल्या? एका वाक्यात तो टाळ्या घेतोय, पुढच्या वाक्यात म्हातारा.

१४ जाने., बुधवार
थॉमस सर (क्लासचे मालक, दुबईच्या करामा भागातले जुने) दारातूनच, "टीचर, इरा का ग्रेड फोर का एक्झाम फॉर्म? नेक्स्ट फ्रायडे लास्ट. यल्ला, जल्दी!"
मग सराव म्हणून इराला एक नवीन पान दिलं. परीक्षेत असतं तसं, आधी न पाहिलेलं. वाचायचं आणि वाजवायचं.
ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.
"स्टार्ट, इरा."
"व्हेअर इज द सा?"
"काय?"
"यू डिडन्ट राइट द सा-रे-ग, मिस."

लिहवत नाही पण लिहिते. पहिल्या दिवशी पाच रेघा बघून ती रडकुंडीला आली होती. मी बाबांच्या पेटीवर शिकलेली, माझ्या डोक्यात आजही आधी सा येतो. पेन्सिलीने प्रत्येक स्वराखाली सा, रे, ग लिहून दिलं. ती लगेच वाजवायला लागली! किती आनंद झाला होता मला. मग दर शनिवारी पुढचं पान लिहून ठेवायचे. तिच्या आईलाही कौतुक, "अगं, इराला येणारी एवढीच मराठी अक्षरं, तुझ्यामुळे."
दीड वर्षात त्या मुलीने रेघांकडे एकदाही पाहिलेलं नाही. ती पियानो वाचत नाही. माझं अक्षर वाचते.

१८ जाने., रविवार
उम्म अल कुवैनला, आई-बाबांकडे. आईने थालीपीठं केली. बाबांना सगळं सांगितलं.
"मग बिघडलं काय? सा तो सा," बाबा म्हणाले. वर्कशॉपमध्ये ते सगळ्यांना सांगतात, मुलगी इंग्रजी पेटी शिकवते.
"बाबा, तिला वाचता येत नाही."
"परीक्षेपुरतं घोटून घे. मी इथलं लायसन्स कसं काढलं? उत्तरं पाठ करून. आज पंचवीस वर्षं चालवतोय."
हसले मी. मग आईने विचारलं, "नोकरी गेली तर व्हिसाचं काय, प्रज्ञा?" आणि कोणीच हसलं नाही.
घरातली पहिली ग्रॅज्युएट. पदवीच्या फोटोवर आईने अजून प्लास्टिक ठेवलंय. शिक्षक व्हायचं, चांगला शिक्षक, असं त्या फोटोतली मुलगी सगळ्यांना सांगत सुटली होती.
परतीच्या बसमध्ये बोटं गुडघ्यावर वाजत राहिली. थांबेनात.

२० जाने., मंगळवार
एक सापडलं. प्रत्येक धड्यावर उजव्या कोपऱ्यात बारीक दोन अक्षरं आहेत. शिष्याच्या नावाची असणार, प्रत्येक धडा कुणा एकासाठी. सगळीकडे वेगवेगळी. फक्त अकरा आणि बारावर तीच दोन.
म्हणजे अकरावा वाजवणाऱ्यालाच मास्तरने हा सोपा धडा दिला. का? आजारी पडली असेल. हात दुखावला असेल. की अकराव्याला मास्तरच्या लक्षात आलं की आपणच काहीतरी चुकीचं...
हे मी रचतेय. मला तसंच असायला हवंय म्हणून.
बारावा चारदा वाजवला. एका स्वरावरून शेजारच्या स्वरावर, एक पायरी वर, एक खाली. कुठेही उडी नाही. चालायला शिकवतात तसं.

२१ जाने., बुधवार
सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट.
"एक्झाम के तीन पीस तो उसको आता है ना? रीडिंग में झीरो, फिर भी पास. पेरेंट को कुछ मत बोलो. क्लास के बॅनर पे उसका फोटो है, टीचर."
"सर, गलती मेरी है."
"इसीलिए बोल रहा हूँ." मग कॅलेंडरकडे बघत, "तुम्हारा कॉन्ट्रॅक्ट मार्च में रिन्यू है. इन्शाल्ला."
पास होईलही ती. मग ग्रेड फाइव्हलाही मी लिहून देईन? सहालाही? आणि मी नसेन तेव्हा कोण?

२२ जाने., गुरुवार
क्लासच्या आधी तासभर लवकर गेले. एक ते बारा, सगळं खोडून टाकलं. रबराचा चुरा पट्ट्यांवर. कागद उजेडात धरला तर दिसतात अजून, इतकं दाबून लिहायचे मी.
इरा पुस्तक उघडून बघत राहिली. "यू रबड आउट माय मराठी."
म्हटलं, "मी चुकीचं शिकवलं, इरा. आय टॉट यू राँग. आता बरोबर शिकू."
"फ्रॉम वन?"
"फ्रॉम ट्वेल्व्ह."
पहिली ओळ. अख्खा तास गेला. चार स्वर तिने स्वतः शोधले. पाचव्याला मी तोंड उघडणार तोच, "डोन्ट टेल मी!"
तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाहून, सिलिकॉन ओएसिसहून, ट्रॅफिकमधून आलेली. खालीच, पार्किंगमध्ये सांगितलं सगळं.
"दीड वर्ष, प्रज्ञा?"
"हो ताई."
"आजी-आजोबांना फोन करून सांगितलंय मी, ग्रेड फोर म्हणून." मग पर्समध्ये किल्ली शोधत, "निदान आधी तरी सांगायचंस गं."
इरा मागच्या सीटवर काचेवर बोटांनी काहीतरी वाजवत होती. सोमवारी आणणार का, विचारायचं धाडस झालं नाही.
वर आले तर सर दिवे बंद करत होते. "कल दस बजे, केबिन में." एवढंच.
बारावा सोपा का, अजूनही माहीत नाही.
इराचा फॉर्म सरांनी भरून काउंटरवर ठेवला होता, फक्त टीचरची सही बाकी. मी तो पार्किंगमध्ये जायच्या आधीच घेतला होता. फॉर्मवर लिहिलं, यंदा नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं, शिक्षिकेची चूक. खाली सही केली. दोन अक्षरं नाही, पूर्ण नाव. आणि सरांच्या टेबलावर ठेवून मगच खाली गेले होते.