चूलबंद आवतन

धाड, जि. बुलढाणा
६ फेब्रुवारी २०२५

चि. गोपाल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं हॉटेल ३१ जानेवारीला बंद झालं, ही बातमी चिखलीच्या काकाच्या सागरने पक्की केली. तो कामासाठी बंगळूरला गेला होता, दाराचं कुलूप स्वतः पाहून आला. जागामालकाला इमारत पाडायची आहे, असं त्याला शेजारच्या तिबेटी बाईने सांगितलं. तू आम्हाला कळवलं नाहीस. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

गावात लोक विचारतात, पोराच्या हॉटेलात काय काय खाल्लं? दोन वर्षांत मी तिथलं पाणीही प्यायलो नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? जानेवारीच्या महोत्सवाला तू वांगी मागितलीस, ती दोन क्रेट भरून ट्रॅव्हल्सने धाडली. मग तुझ्या आईच्या मोबाईलवर कार्ड आलं. दोन व्यक्ती, रविवार २६ जानेवारी, सायंकाळी सात. पंधरा मिनिटं उशीर झाल्यास खुर्च्या दुसऱ्यांना देण्यात येतील. गोपाल, बापाची खुर्ची दुसऱ्याला? आपल्या गावात महादेवरावांकडे साधं बारसं असलं तरी ते या वयात काठी टेकत दारी येतात, नाव घेऊन सांगतात, की हिंमतराव, उद्या तुमचं चूलबंद. म्हणजे लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. असं आवतन आल्याशिवाय मी कुणाच्या पंगतीला बसलेलो नाही. तुला येणं जमलं नसतं, तर सागरला दारी पाठवायचं होतंस. तेवढंही मला पुरलं असतं.

तुझी आई पिशवी भरून तयार होती. ती म्हणाली, की वांग्याले आवतन लागलं नाही, तुमालेच काऊन लागते? मी ऐकलं नाही. आम्ही येत नाही, एवढं तरी कळवते म्हणून तिने फोन हातात घेतला, तर तोही ठेवायला लावला. म्हटलं, समजंल त्याचं त्याले.

जेवतोस ना वेळेवर? तेवढं लिही.

तुझे बाबा,
हिंमतराव


बंगळूर
१३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं.

ते कार्ड मी लिहिलेलं नव्हतं. आमच्या गल्लीतली बावीस हॉटेलं मिळून दर हिवाळ्यात पंधरा दिवस महोत्सव करतात. केरळी आहेत, तिबेटी, नागा, आंध्रवाले, एक इराणी चहावाला. प्रत्येकाने आपल्या गावची एकच थाळी ठेवायची. गर्दी फार, म्हणून खुर्च्या आधी राखाव्या लागतात, आणि कार्ड कम्प्युटर पाठवतो. आमच्या पाटीवर ‘धाडची पंगत’ लिहिलं होतं. रोडगे, वरण, ठेचा आणि तुमच्या वांग्यांची भाजी. तिबेटी मावशी रोज वाटी घेऊन ठेचा मागायला यायची, डोळे पुसत पुसत खायची. समोरची नागा बाई म्हणाली, की अशी वांगी आमच्या डोंगरातही होत नाहीत. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की वांगीवाला शेवटच्या दिवशी स्वतः येणार आहे.

त्या संध्याकाळी दारासमोरच्या टेबलावर दोन ताटं वाढून ठेवली. बाहेर रांग होती. एका जोडप्याने त्या खुर्च्या मागितल्या. माझा भागीदार धम्मरत्न, आपल्याच जिल्ह्यातल्या धामणगाव बढेचा, त्याने सांगितलं, की माणसं रस्त्यात आहेत. शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत तो हेच सांगत राहिला. ताटं निवली.

मग मी तुमच्या नावाने चिडलो. तो ताटं उचलता उचलता म्हणाला, की बे गोपाल, आवतन कोनं देल्लं होतं, तू का कम्प्युटरनं? दुसरं ताट मी उचललं.

आणखी एक लपवलं. इमारत पाडणार, हे डिसेंबरातच कळलं होतं. तो आमचा शेवटचा महोत्सव होता, म्हणूनच तुम्हाला बोलावलं. पण तसं लिहिलं असतं, तर तुम्ही कीव येऊन आला असता. मला तुम्ही भूक लागून यायला हवे होतात.

आईला नमस्कार. रागवा, पण लोभ तोडू नका.

आपला,
गोपाल


धाड
२० फेब्रुवारी

चि. गोपाल यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ताटं निवली, इथे आल्यावर ती उठून गोठ्यात गेली. बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली, की बाप तसा लेक, दोघायचेही नाकं कापून वरनात टाका. तिची पिशवी अजून खुंटीलाच आहे. रिकामी कर म्हणायची मला हिंमत होत नाही.

इमारत पडणार हे ठाऊक असतं, तर आलो असतो, असं या पत्रात आधी लिहिलं होतं. खोडलं. ठाऊक नसतानाही यायला पाहिजे होतं. आता ते टेबल मला कुणी दाखवू शकत नाही. पाटी तरी काढून आण.

रविवारी, २ मार्चला, मळ्यात रोडगे करू. वांग्यांचा शेवटचा तोडा बाजारात नेला नाही, झाडावरच ठेवला आहे. रोडगे भाजायला गोवऱ्या मी रचतो, स्वयंपाक तू करायचा. धम्मरत्नला सोबत आण, त्याचे आमच्यावर उपकार आहेत.

शनिवारी पोचलास की हातपाय धू आणि आधी आवतनाला नीघ. महादेवरावांपासून सुरुवात कर. सात घरं आहेत. प्रत्येक दारी नाव घेऊन चूलबंद सांग. आपलं घर शेवटी ठेव. आईने आजच सांगून टाकलं आहे, की रविवारी ती गॅस पेटवणार नाही. तू उंबऱ्याबाहेर उभा राहा, आणि जरा मोठ्याने सांग. मला कमी ऐकू येतं.

वाट पाहणारा,
तुझा बाप