रिकाम्या खोल्यांची वाटणी

९ फेब्रुवारी

रोजनिशी, माफ कर. कित्येक महिने तुला हात लावला नाही आणि आज आले ती मृत्युपत्र घेऊन. परवा ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ. असेलही. वकीलबाईंनी सांगितलं, वहीत लिहिलं तरी चालतं, फक्त दोन साक्षीदार समोर हवेत.

तर मी, वय शेहेचाळीस, धंदा भाषांतराचा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते :

घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला. भिंतींचा रंग तिने खुशाल बदलावा, मलाही तो कधी आवडला नाही. शब्दकोश शेजारच्या बाईंना. माझ्याशी वाद घालायला त्या माझेच मागून न्यायच्या.

आता खरी मालमत्ता. आमचे बाबा थिएटरात सिनेमा दाखवायचं मशीन चालवत. थिएटर बंद पडलं तेव्हा मालकाने एकाच दिग्दर्शकाच्या सगळ्या चित्रपटांच्या रिळांचे डबे त्यांच्या गळ्यात मारले, कारण ते कुणालाच नको होते. त्या दिग्दर्शकाची एक खोड होती : माणसं खोलीतून निघून गेली तरी कॅमेरा तिथेच थांबायचा. पहिल्या चित्रपटात ही खोड उसनी वाटते, हे मान्य. पण मुलगी घर सोडते आणि पडद्यावर नुसती तिची खुर्ची उरते, त्या चित्रपटापासून पुढे त्यांचा हात धरणारा कुणी मला दिसला नाही. विनोदी चित्रपट साफ आपटला. त्यातही भांडून सगळे गेल्यावर एकटा गरगरणारा पंखा हसवतो. गेलेलं माणूस खोलीत थोडा वेळ असतंच, एवढंच ते आयुष्यभर सांगत राहिले, आणि दर वेळी नव्याने.

प्रेक्षक शिट्ट्या मारत, म्हणून मालकाच्या हुकमावरून बाबा या रिकाम्या खोल्या कापत. मात्र फेकत नसत. चिठ्ठी लावून जपत. म्हणजे त्यांनाही ते पटत नसावं. हा माझा तर्क, पुरावा नाही. मी सगळे तुकडे परत जोडले. फक्त शेवटच्या चित्रपटातल्या रिकाम्या स्वयंपाकघराचा तुकडा थोरल्या भावाकडे, दादाकडे, अडकला आहे. "बाबांच्या हातची कापणी आहे ती. मोडणारी तू कोण?" हा त्याचा प्रश्न.

तरीही सगळे डबे दादालाच. इतकी वर्षं ज्याने एक तुकडा सोडला नाही, तो बाकीचेही सांभाळील. अट एकच : ताटातूट करू नये.

सह्यांच्या वेळी घडलं तेही नोंदवते. साक्षीला तळमजल्यावरचे शिंपीकाका आणि काकू आले. पलीकडच्या गल्लीत राहणारा दादाही टपकला.

"आण, मी करतो सही."

"तुला नाही चालणार."

"का? मी काय परका?"

"ज्याला मिळायचंय त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

दादाने वही ओढून वाचली. "डबे? मला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे. वर लिहिलंय तसं."

"तुमचं चालू द्या," शिंपीकाका म्हणाले, "पण सही कुठे करू ते आधी सांगा."

दादा तडक निघून गेला. दार उघडंच राहिलं. आम्ही तिघं त्याच्या भरल्या कपाकडे बघत बसलो. चहा निवायच्या आत तो परतला आणि बाबांची चिठ्ठी लावलेली एक चपटी डबी माझ्यापुढे ठेवली.

"ऑपरेशन परवा ना? मग उद्या काय करणार आहेस?"

लिहिणारीची सही : केली.
साक्षीदार : शिंपीकाका, काकू. दोघांनी माझ्यासमोर, मी त्यांच्यासमोर.
स्थळ : राहतं घर, पुढची खोली. तारीख वरचीच.

उद्या : स्वयंपाकघर जोडणे.