माघारी येणारा उजेड

ती. शेषेरावमामा यांस,

नांदेडहून भाचा रविकांत वाकून नमस्कार करतो. (ऑपरेशनच्या डोळ्याला दिसला नाही तरी पोचला असं समजावं.) पट्टी सुटली का? लातूरचं पाणी मानवलं का? पत्र तुमची ऋतुजाताई वाचून दाखवेल, म्हणून जपून लिहितो आहे. हे फोनवर सांगायला दोनदा बसलो. दोन्ही वेळा उन्हावर बोलून ठेवून दिला.

निलंग्याला तुमच्या बांधाखाली आम्ही केबल पुरली ती रानडुकरांचा माग काढायला. आत केसाएवढी काचेची तार, तारेत लेझरचा उजेड. काच कितीही चोख असली तरी तिच्यात बारीक बारीक खोट असते. तिच्यावर आपटून थोडा उजेड माघारी येतो. वर पाऊल पडलं की काच कणभर ताणते आणि तो उजेड बदलतो. कुठं पडलं, किती जड, हे नांदेडात बसून पडद्यावर दिसतं. डुक्कर अजून एकही दिसलेलं नाही. (त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.) तुम्ही दिसायचात. रोज सकाळी, काठी टेकत. आणि तुमच्या मागं आणखी एक जण.

बैल म्हणावा तर तुम्ही ते विकलेत. कुत्रं म्हणावं तर पाय दोनच. साहेबांच्या मते केबल खराब आहे, आणि केबल खराब म्हणजे ती पुरणारेही खराब. म्हणजे मी आणि माझे जोडीदार अजहरभाई. अजहरभाईंनी यंत्र बदललं, केबल बदलली, शेवटी खात्री करायला ते स्वतःच तुमच्या मागं चालले. तुम्ही वळून विचारलंत, "पावणं, परसाकडं जायचं आसंल तर तसं बोला की. लाजता कशाला?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. लाजेनं नव्हे. पडद्यावर तीन जण होते, आणि अजहरभाई तिसरे.

"काच झूट न्हाई बोलत, रविभाई," एवढंच म्हणाले. "साहेबाला काय सांगायचं ते तुमी बघा."

ताई, आता जरा बसून वाच. ती मधली पावलं डाव्या पायावर जोर देतात. मध्येच दम खायला थांबतात, मग भरभर चालून मामांना गाठतात. मामी जाऊन वर्ष होत आलं. मी कुणाचं नाव घेत नाही.

बाकी सगळं ठीक. डोळ्यांत औषध वेळेवर घालावं.

तुमचा,
रविकांत

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. मंगळवारी साहेब स्वतः पडद्यासमोर बसणार. केबल ठेवायची, की माझ्यासकट उपटायची, ते ठरवणार. तुम्ही लातूरला गेल्यापासून बांध अगदी रिकामा आहे. तेव्हा मंगळवार उलटेपर्यंत तिथंच रहा. उन्हात जाऊ नका असं डॉक्टरही म्हणतीलच.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात अजहरभाईंनी बोलावलं. बांधावर एक जण आहे. एकटीच. तुमच्या वाटेनं दोनदा जाऊन आली. आता तुम्ही एसटीला निघालात त्या टोकाशी उभी आहे. पावलं हलत नाहीत. काच मात्र ताणलेली आहे.

वर तिथंच राहा म्हटलं, ते खोडलं असं समजा. ताईला पहिली गाडी बघायला सांगा. साहेबांचं मी बघतो.