दादाच्या बेस गिटारच्या पोटातली चांदी

ती. स्व. दादास,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण डावा गुडघा परवापासून रुसला आहे. तेव्हा गुडघे वगळून उरलेल्या अंगांचा नमस्कार तूर्त मान्य करून घे. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत, म्हणजे मी संतापलेली आहे आणि तुझे मेहुणे धास्तावलेले आहेत. दोन्ही प्रकृती आम्हांला मानवतात. तुझी बोटं कशी आहेत? डॉक्टरांनी सांगितलेला गरम पाण्याचा शेक घेतोस, की नेहमीप्रमाणे डॉक्टरांनाच चार गोष्टी शिकवून परत येतोस? वहिनींचा खोकला थांबला का? (वहिनी, हे पत्र तुम्हीच दादाला मोठ्याने वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. कृपा करून माझी विशेषणं गाळू नका. मागच्या पत्रातली गाळली होतीत, म्हणून तो इतका शांत राहिला.)

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात आमचा कार्यक्रम आहे आणि त्याला तू येणार नाहीस, असं तू फोनवर कळवलंस. ‘बोटं वळत नाहीत, आता ते वाद्य नजरेसमोर नको,’ म्हणालास आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. त्याबद्दल या पत्रात मी चकार शब्द काढणार नाही. पाय धरून माणसं कार्यक्रमाला आणायची नसतात, हे मला शाळेत नन्सनी शिकवलं आहे. हे पत्र केवळ तू केलेल्या चोरीबद्दल आहे.

वहिनींसाठी थोडं मागून सुरू करते. गेल्या वर्षी दादाने आपली जुनी बेस गिटार घोंगडीत गुंडाळून माझ्याकडे पाठवली आणि वर निरोप दिला की कोपऱ्यात उभी करून ठेव, कपडे वाळत घालायला तरी होईल. मला कोणी ‘कोपऱ्यात ठेव’ म्हटलं की मी ती वस्तू दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवते, हा माझा स्वभाव तुम्ही जाणताच. शाळेत नन्सकडे मी पियानो शिकले होते, त्यातला डावा हात अजून शाबूत होता. बेस म्हणजे तरी काय, पियानोचा डावा हात गळ्यात अडकवायचा! चार जाड तारा, आणि वजन एखाद्या बाळसेदार नातवंडाएवढं. महिनाभर बोटांना फोड आले, मग ते मेले, मग मला वाजवता यायला लागलं. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. निवृत्तीनंतर स्वतः काहीतरी बोलावं, ते तरी खालच्या आवाजात, यात कोणाचं काय जात होतं?

पण जात होतं. आमच्या वृंदात तिघी आहोत. ढोलक्यांच्या, म्हणजे ड्रम्सच्या मागे दातांची डॉक्टरीण बसते. दवाखाना तिने बंद केला, पण जागा ठेवली आहे, तिथेच आमचा सराव चालतो. (ती वाजवताना अजूनही समोरच्याच्या तोंडात बघते. मी ओठ मिटून वाजवते ते एकाग्रतेमुळे नव्हे, दाढेमुळे.) आणि गिटार वाजवत गायला आमची मॉनिटर. हो, तीच. पाचवीपासून माझ्या शेजारच्या बाकावर बसून फळ्यावर माझं नाव लिहिणारी. म्हातारी झाली तरी माणसाचा खडू सुटत नाही. तर या बाईंचं म्हणणं असं की तुझी बेस घूं करते. वाजवताना नाही, तारांवरून हात उचलला की. आणि मॉनिटर दोन गाण्यांच्या मध्ये गाण्यापेक्षा मोठं भाषण करत असल्यामुळे तेवढा वेळ माझी बेस मागे घूं करत राहते आणि श्रोत्यांना वाटतं की कंटाळून कोणीतरी घोरतंय. मी म्हटलं, श्रोत्यांचा अंदाज काही अगदीच चुकीचा नाही. त्यावर तिने जाहीर केलं की घूं थांबली नाही तर रविवारी तिची सून कीबोर्डच्या डाव्या बाजूवर बेस काढील आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवाव्यात. मी! पहिल्या रांगेत! टाळ्या!

एक्स्चेंजमध्ये लोक लाइनवर घूं येते म्हणून तक्रार करायचे, तेव्हा मी ‘तक्रार नोंदवली आहे’ म्हणून मोकळी व्हायचे. इथे तक्रार नोंदवायला कोणी नव्हतं, म्हणून घरी येऊन जेवणाच्या टेबलावर मीच शस्त्रक्रिया मांडली. गिटार खोलायच्या आधी मी प्रथमच तिच्याकडे चष्मा लावून नीट पाहिलं, आणि दादा, मला काय काय दिसलं म्हणून सांगू! आवाजाचं बटण म्हणजे आईच्या रेडिओचं बटण. बिचारी शेवटपर्यंत पकडीने स्टेशन लावत होती आणि तू शेजारी बसून ‘कुठे गेलं असेल गं?’ म्हणत होतास. बटणं बसवलेल्या पत्र्याच्या पट्टीचे दोन स्क्रू तिच्या शिवणाच्या मशीनचे. आणि दुसरा पिकअप! (वहिनी, तारांखाली जो काळा डबा असतो त्याला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतकी बारीक तार गुंडाळलेली असते. वर तार थरथरली की खाली त्याची वीज होते. एवढंच. ज्यांना हे कळतं ते ते अवघड करून सांगतात.) मूळ वाद्याला एकच पिकअप होता, दुसरा तू कुठल्या तरी मोडक्या गिटारमधून काढून इथे बसवलास आणि त्यासाठी पटाशीने लाकडात जो खड्डा केलास त्यात एक सोडून दोन पिकअप मावले असते. उरलेल्या फटीत तू आगकाड्या ठोकल्या आहेत. गुल काढायचेही कष्ट घेतले नाहीस. माझ्या पोटाला टेकून इतके दिवस मी काडेपेटी वाजवत होते.

हे सगळं मी गिळलं. मग बटणांची पट्टी उचलली, आणि आत माझी चांदी.

चॉकलेटची चांदी, दादा. गुलाबी, हिरवी, निळी, आणि मावशीने आणलेल्या त्या मोठ्या वडीची सोनेरी. खड्ड्याच्या तळाला, भिंतींना, झाकणाच्या आतून, नखाने घासून घासून सपाट चिकटवलेली. माझ्या बिस्किटाच्या डब्यातली! आमच्या शाळेत गोरगरिबांच्या मदतीसाठी चांदी गोळा करायचे आणि जिची जास्त भरेल तिला वर्षभर शाळेची घंटा वाजवायचा मान मिळायचा, हे तुला माहीत होतं. मी वर्षभर न आवडणारी चॉकलेटंसुद्धा खाल्ली होती. मोजणीच्या आदल्या दिवशी डबा रिकामा. मॉनिटरने वर्षभर घंटा वाजवली, तीही बेताल. आणि तू मला समजावलंस की उंदरांना चकाकणाऱ्या वस्तू आवडतात! मी त्या घरात पुढे किती दिवस उंदरांशी वैर धरलं होतं.

संतापाच्या भरात माणूस जे करतो तेच मी केलं. ती सगळी चांदी ओरबाडून काढली. तिच्याबरोबर एक काळी, नाजूक तारही तटकन तुटून हातात आली, पण मी तेव्हा तारेकडे बघण्याच्या मनःस्थितीत नव्हते. चांदी पाकिटात भरली, पाकिटावर ‘पुरावा’ लिहिलं आणि मनाला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरावाला बेस स्पीकरला जोडली आणि तिने अशी काही घूं केली की डॉक्टरणीने सवयीने ‘आता दुखणार नाही हं’ म्हटलं. आधी हात काढल्यावर घुमायची, आता हात लावल्यावरही घुमत होती. पत्र्याच्या पट्टीला बोट लावलं की मात्र एकदम चिडीचूप. पण माझे दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, तिसरा आणायचा कुठून? तुझ्या मेहुण्यांचा आणला. ते बिचारे मला न्यायला आले होते. त्यांना स्टुलावर बसवलं, एका हाताचं बोट पट्टीवर आणि दुसरा हात माझ्या उघड्या मानेवर. (नुसतं पट्टीला हात लावून भागत नाही, माझ्या अंगालाही लागावा लागतो, हे आम्ही बरंच चाचपडून शोधलं आणि त्या वेळी मॉनिटर खिडकीबाहेर बघत होती.) घूं थांबली. पण तुझे मेहुणे ताल चुकीच्या जागी धरतात, आणि गाणं आवडलं की भान हरपून दोन्ही हातांनी टाळी वाजवतात. म्हणजे दर कडव्याच्या शेवटी वाद्य भोंग्यासारखं ओरडायचं.

मग गेले वाद्यांच्या दुकानात. मालक शेपटीवाला. (केसांची शेपटी. टक्कल पुढून आणि शेपटी मागून, म्हणजे केस पळून जाताना शेवटचा डबा तेवढा हाती लागलेला.) त्याने बेस हातातही न घेता सांगितलं की पिकअप दोन्ही बदलावे लागतील, नवे बॅटरीवाले घाला. तारांखालची घोडी बदला. खुंट्या बदला. मान जराशी वाकली आहे, तीही बदलून टाका. मी विचारलं, मग जुनं काय राहणार? तो म्हणाला, पट्टा ठेवू शकता. मी त्याला म्हटलं, माझीही मान जराशी वाकली आहे, गुडघे गेले आहेत आणि आवाज घोगरा झाला आहे, तर तुमच्या हिशोबाने माझी फक्त पर्स घरी जायला हवी. दुरुस्तीच करायची असेल तर महिनाभराने या, असं म्हणून तो कोणाला तरी नवी गिटार दाखवायला गेला.

चांदी काढल्यावर घूं वाढली, म्हणजे चांदीच ती अडवत होती, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, तेव्हा मी स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची चांदी घेतली. चकचकीत, अखंड, चोरीची नसलेली. आख्खा खड्डा आतून मढवला, कुठे तसूभर लाकूड उघडं ठेवलं नाही. झाकण लावलं. सरावाला नेऊन जोडली, तर घूं संपूर्ण बंद! आनंदाने तार छेडली, तर तीही बंद. आवाज जिथून बाहेर पडतो त्या टोकालाच चांदी टेकली होती आणि सगळं संगीत परस्पर जमिनीत जात होतं. हे कळलं तेव्हा सराव सुरू व्हायचा होता. आता कबूल कोण करणार? मी गप्प राहून मुकी बेस वाजवली. पहिलं गाणं संपल्यावर मॉनिटर म्हणाली, ‘आज पहिल्यांदा तू गाण्याच्या मध्ये आली नाहीस.’ दादा, ते मला लागलं. पण दुसऱ्या गाण्याची सुरुवात बेसने होते. मी वाजवलं, अर्थात काहीच वाजलं नाही. डॉक्टरीण काठ्या उचलून थांबली. मॉनिटर सुराची वाट बघत आ वासून उभी राहिली, आणि डॉक्टरणीने सवयीने आत डोकावून पाहिलं. तीनदा सुरुवात केली, तिन्हीदा बाई भलत्याच पट्टीत. शेवटी खाली बसून म्हणाली, ‘तू नसलीस की मला पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही.’ खडू धरणाऱ्या बाईकडून आयुष्यात प्रथम ऐकलेलं हे वाक्य, आणि तेही नेमकं मी वाजत नसताना.

सुनेचं नाव पुन्हा निघालं नाही. पण रविवारी बेस घुमली तरी चालेल असंही कोणी म्हणालं नाही.

असो. तू केलेल्या चोरीचा मी तीव्र निषेध करते. पुरावा सोबत जोडला आहे. वहिनींना सप्रेम नमस्कार, तुला मात्र निम्माच.

तुझी (अजूनही घंटा न वाजवलेली)
धाकटी बहीण

ता. क. पुरावा जोडलेला नाही, पाकिटात शोधू नकोस. काल सगळे तुकडे चमच्याच्या पाठीने सपाट केले आणि परत होते तसे चिकटवले. तेव्हा दिसलं की त्या टोकापाशी तू चांदी गोल कापून ठेवली होतीस आणि वर पोस्टकार्डाचा तुकडा लावला होतास. चोर असलास तरी नीटनेटका आहेस. गुलाबी माझ्या बाजूला घेतली आहे.

ता. क. २. आवाज आता पूर्वीसारखा येतो, पण ती काळी तार तारांच्या घोडीपर्यंत जात होती हे मला आता समजलं. ती जोडल्याशिवाय तारांवर हात ठेवूनही माझी घूं जाणार नाही. तुझं तारा डागायचं सोल्डरिंग आयर्न माळ्यावर असेल. ते मी धरीन, तू नुसता बसून चुका काढ; त्याला बोटं लागत नाहीत.

ता. क. ३. तार जोडली गेली नाही तरी हरकत नाही. तुझ्या मेहुण्यांना मी टाळ्यांमुळे स्टुलावरून काढून टाकलं आहे, म्हणजे जागा रिकामी आहे. रविवारी पाचला ते गाडी घेऊन येतील. तुला काहीही वाजवायचं नाही. एक बोट पट्टीवर टेकवायचं, ते वळलं नाही तरी वीज विचारत नाही. दुसरा हात माझ्या मानेवर ठेवावा लागेल. आपल्या घरात तसली पद्धत नाही हे मला माहीत आहे, पण त्याला माझा इलाज नाही. तू हात काढलास की मी घुमते. (वहिनी, एवढं दोनदा वाचा.)