मेंढीच्या कासेसारखं आभाळ

आबा, तुमचंच चुकलं. खळ्याकडं बोट करू नको एवढंच सांगायचात, का ते कधी सांगितलं नाही. चंद्राभोवती ते गोल कडं पडलं की मी हटकून बोट करायचो आणि तुम्ही काठीनं माझा हात खाली दाबायचात. "आभाळ काय तुझ्या बापाचं हाय व्हय?" "बाप तर तुमीच की," मी म्हणायचो. तुम्ही तोंड फिरवून हसायचात. हसायला नको होतं. तेव्हाच नीट भीती घालायला पाहिजे होती.

आता मी लांब डोंगरात बोगद्याच्या कामावर आहे. सकाळी आत शिरतो, बाहेर येतो तेव्हा अंधार. आभाळ दिसत नाही म्हणून धाकट्याला म्हटलं, मेंढरं राखताना आभाळाचे फोटो पाठवत जा. तुम्ही गेलात तेव्हा तो आईच्या कडेवर होता. आता मिसरूड फुटलंय. पहिला फोटो आला सूर्याला पडलेल्या खळ्याचा. मग एकदा मोहोळ गावाच्या अंगाला मावळताना सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य. मी लई भारी, लई भारी म्हणत गेलो, आणि झाडं न् तारा मधी येतात म्हणून तो पार उघड्या माळावर जायला लागला.

कालचा फोटो मी दोन बोटांनी मोठा करून बघितला. व्यायला आलेल्या मेंढीची कास लोंबावी तसं आभाळ लोंबतंय, पिवळट, गाठीगाठींचं. अगदी त्या दिवशीसारखं. तुम्ही मला मेंढरांसंगं खाली ओघळीत पिटाळता, "बस हितंच, उठू नको," आणि मागं राहिलेल्या लंगड्या मेंढीसाठी परत वर जाता. मग सगळं पांढरं होतं. वीज नेमकी तुमच्यावर. आवाज मला आठवत नाही.

फोटोखाली धाकट्याचा आवाज होता, "दादा, बघ की कसलं आलंय. वाईच थांबलो तर वीज बी घावंल." त्यानंतर बराच वेळ त्याचा फोन लागला नाही. शेवटी आईला लावला.

"हाय की घरात, जेवतोय. चार्जिंग संपलंय त्येचं."

"आई, आबा कशानं गेले ते सांगू का त्याला?"

ती आवाज बारीक करून म्हणाली, "छातीत कळ आली म्हनून सांगितलंय मी. तेच ऱ्हाऊ दे. भ्याला तर मेंढरं कोन राखंल? तू येतोस व्हय?"

मी फोन ठेवला. आता हे तुम्हाला लिहितोय, पण पत्र टाकू कुठं? सांगितलं तर तो माळावर पाय ठेवणार नाही. नाही सांगितलं तर काय, ते तुम्हाला माहीत आहे. आणि खरं सांगू का आबा, त्याच्या फोटोची वाट मी पण बघतो. फोटो आला म्हणजे तो उभा आहे. आज त्याला एवढंच म्हटलं, छान आलाय. जुन्या फोनचा कॅमेरा वीज टिपायला पुरत नाही म्हणतो; शहरात सात रस्त्याच्या चौकात एक फोन बघून आलाय. त्याला आठ हजार पाठवतोय.